पितृपक्षात व्याख्यान ठेवलं त्याची गोष्ट

आमच्याकडे वाचनालयाचा कार्यक्रम म्हणजे काय प्रकार असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पत्रिकेत वेळ सहाची, सतरंज्या सात वाजता, पाहुणे साडेसातला, मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, सरपंचांचे दोन शब्द (जे आजवर कधी दोन झालेले नाहीत), आणि वक्ता बोलायला उभा राहतो तोवर अर्ध्या बायका भाकऱ्या टाकायच्या राहिल्यात म्हणून उठलेल्या. मी कमिटीवरच आहे आणि स्वागतगीत बसवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडेच असतं, तेव्हा हे कुणा परक्याचं बोलणं समजू नका.

तर झालं असं की गणपतीच्या आधीच्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदा कमांडरकाकांचं भाषण ठेवायचं. काका आमच्याच वाडीतले, नेव्हीतून रिटायर होऊन गावी घर बांधून राहिलेत, हवामान आणि समुद्रशास्त्र हा त्यांचा विषय, आणि नव्वदच्या सुरुवातीला नेव्हीनेच त्यांना अमेरिकेत शिकायला पाठवलेलं. कमिटीने विषयही ठरवून टाकला, 'नौदलातील माझे अनुभव'. मला निरोप द्यायला पाठवलं. काका झावळांचे हीर काढत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "माझे अनुभव ऐकून तुम्हाला काय करायचंय गं? मी पाण्याबद्दल बोलतो. पण माझ्या पद्धतीने होणार असेल तर."

आता त्यांची पद्धत म्हणजे कुठली, तर ते जिथे शिकले तिथली. कॅलिफोर्नियात माँटेरे म्हणून गाव आहे, आपल्यासारखंच मासेमारीचं, एके काळी तिथे तारलीच्या जातीचे सार्डिन मासे डब्यात भरायचे कारखाने ओळीने उभे होते. तिथे अमेरिकन नेव्हीची नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल आहे. नावात स्कूल असलं तरी शाळा नाही आणि आपल्या खडकवासल्याच्या एनडीएसारखी कॅडेट घडवणारी जागाही नाही. आधीच ऑफिसर झालेली, डिग्री असलेली, बोटींवर काही वर्षं काढलेली माणसं तिथे मास्टर्स किंवा पीएचडी करायला येतात, नेव्हीसोबत इतर दलांचे आणि बाहेरच्या देशांचेही. १९०९ साली ॲनापोलिसला सुरू झाली आणि १९५१ ला माँटेरेला एका जुन्या आलिशान हॉटेलात हलवली. हॉटेल डेल माँटे. म्हणजे काकांच्या कॉलेजच्या मुख्य इमारतीत पूर्वी श्रीमंत लोक सुट्टी घालवायला यायचे, आणि हे तिथे थिसिसच्या टेन्शनमध्ये फिरायचे.

काका सांगत होते की वर्गात शिकलो ते शिकलोच, पण खरी मजा आठवड्याच्या यादीची. येत्या दिवसांत काय काय आहे त्याची यादी निघायची आणि त्यात सगळं एकत्र. मोठ्या सभागृहात कुणा बड्या पाहुण्याचं व्याख्यान, त्याच्या खालच्या ओळीत लायब्ररीत संदर्भ कसे द्यायचे त्याची वर्कशॉप, मग कुणाचं तरी थिसिस प्रेझेंटेशन ज्याला कुणीही जाऊन बसावं, दुपारच्या सुट्टीत आपापला डबा खात ऐकायचं एखादं छोटं भाषण, आणि त्याच कागदावर फॅमिलीवाल्यांसाठीही काहीतरी. वर्षातून एकदा इंटरनॅशनल डे, त्यात प्रत्येक देशाच्या ऑफिसरांच्या बायका-मुलांनी आपलं खाणं मांडायचं. काकूंनी तिथे काय केलं होतं ते मी विचारलं, तर आतून काकूच ओरडल्या, "बटाटेवडे! दुसरं काय करणार, तांदळाचं पीठ कुठे मिळत होतं तेव्हा!"

पण यादीतली मला भावलेली गोष्ट वेगळीच. प्रत्येक कार्यक्रमाखाली चार ओळी असायच्या म्हणे की हे कशाबद्दल आहे, कुणाला उपयोगाचं आहे, किती वाजता संपेल. संपेल! आमच्या पत्रिकेवर संपायची वेळ छापलेली मी जन्मात पाहिलेली नाही.

मग काकांनी अटी सांगितल्या. भाषण चाळीस मिनिटं, प्रश्न वीस मिनिटं, प्रश्नांच्या वेळेतली मिनिटं दुसऱ्या कुणी खायची नाहीत. सत्कार नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर वर्कशॉप, कारण पाण्याबद्दल हॉलमध्ये बसून बोलणं अर्धवट. आणि त्यानंतर सगळ्यांनी एकत्र नाश्ता करायचा, त्यात हॉटेलवाले, वॉटरस्पोर्टवाले, मच्छीमार, जीवरक्षक सगळे पाहिजेत. व्याख्यान, वर्कशॉप आणि गावाचं काहीतरी, तिन्ही एका कागदावर.

विषय निवडायला वेळ लागला नाही. आम्ही गणपतीपुळ्याच्या बाजूचे, दरवर्षी आमच्या पट्ट्यात कुणी ना कुणी पर्यटक बुडतो. मी स्वतः होमस्टे चालवते. पाहुणे आले की संध्याकाळी ओले कपडे दोरीवर दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. घाटावरून आलेली तरुण मुलं, नदी-विहिरीत पोहणारी, 'मावशी आम्हाला पोहता येतं' म्हणतात आणि जातात. पोहता येणारेच जास्त आत जातात हो.

आता तारीख. इथे खरी गंमत झाली. काकांना वर्कशॉपसाठी सकाळी उन्हं चढायच्या आत ओहोटी हवी होती, कारण ओहोटीला ओढीच्या जागा नीट दिसतात आणि तेव्हाच त्या जोरातही असतात. आमच्याकडे भरतीचा ढोबळ हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन, तिथून सहा तास मागे गेलं की सकाळी सव्वाआठच्या आसपास ओहोटी. (जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, काकांनी भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घेतलंच.) गणपतीत कुणाला वेळ नाही, नवरात्रात देवळात कार्यक्रम, त्यानंतर भातकापणी. मधला रविवार बघितला तर तृतीया निघाली खरी पण भाद्रपद वद्य. म्हणजे ऐन पितृपक्ष.

कमिटीत एकदम शांतता. मग अध्यक्ष म्हणाले पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत. मी म्हटलं शुभकार्य कुठे आहे, व्याख्यान आहे. ते म्हणाले दीपप्रज्वलन कसं करणार, मी म्हटलं नको करायला. सत्कार? तोही नको मग. नारळ? नाहीच! आणि बघता बघता काकांच्या सगळ्या अटी पंचांगानेच मान्य करून टाकल्या, मला कुणाशी भांडावं लागलं नाही. शिवाय शाळेचा हॉल रिकामा, मंडपवाला रिकामा, चाकरमानी मुंबईला परतलेले त्यामुळे खुर्च्या मुबलक. दरवर्षी कार्यक्रम पितृपक्षातच ठेवावेत असं माझं आता ठाम मत झालंय.

परवानगीचं मात्र विचारू नका. किनाऱ्यावर माणसं जमवायची तर अर्ज द्यावा लागतो, तो ज्या ऑफिसात दिला तिथून दुसऱ्या ऑफिसात पाठवला, तिथून परत पहिल्याकडे, आणि शेवटी एका भल्या माणसाने सांगितलं की तुम्ही 'कार्यक्रम' असं लिहिलंय तिथे 'विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट' लिहा. लिहिलं, झालं.

कागद मी लिहिला. पहिल्या खेपेला आपल्या नेहमीच्या थाटात 'सागरी सुरक्षा : काळाची गरज' असं घातलेलं, काकांनी त्यावर काट मारली आणि विचारलं की हे वाचून कुठल्या माणसाला कळेल की आपण यायला हवं? मग असं केलं, 'आपल्या किनाऱ्यावर माणूस नेमका कुठे आणि का ओढला जातो. ज्यांच्या घरी पर्यटक उतरतात, ज्यांची मुलं समुद्रावर जातात, त्यांच्यासाठी. शनिवार संध्याकाळी ५ ते ६. सहा वाजता संपेल. रविवारी सकाळी ओहोटीच्या पाऊण तास आधी बंदराच्या धक्क्यावर जमायचं, ओढ ओळखायला शिकायचं, मग घावन-चहा.' बस एवढंच. व्हॉट्सॲपवर टाकलं, पिठाच्या गिरणीत चिकटवलं, एसटी स्टँडवर चिकटवलं, मच्छी सोसायटीत दिलं. आणि सांगते, पाच वाजता हॉल भरलेला होता. सहा वाजता संपेल हे वाचून बायका आल्या, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

भाषणात काकांनी काय सांगितलं ते थोडं सविस्तर लिहिते कारण कामाचं आहे. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा आडवा बांध असतो, पाण्याखाली, आपल्याला दिसत नाही. लाटा त्याच्यावर फुटतात आणि पाणी किनाऱ्याच्या बाजूला चढतं. ते परत जायला वाट शोधतं. बांधात कुठेतरी खोलगट जागा असते, शेताच्या मेरेला भोक पडलं की सगळं पाणी तिथूनच धावतं तसं हे पाणी त्या खोलगट जागेतून आत समुद्राकडे पळतं. त्याला इंग्रजीत रिप करंट म्हणतात, आपण ओढ म्हणतो. साधारण वेग सेकंदाला अर्धा मीटर वगैरे पण जोर असला की दोन मीटरपर्यंत जातो, आणि त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहत राहिलं तर चांगला पोहणाराही दमतो. माणूस खाली खेचला जात नाही, बाहेर नेला जातो, दमतो, घाबरतो आणि मग बुडतो.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ओढीची जागा वरून शांत दिसते! दोन्ही बाजूला पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये एक गडद, गुळगुळीत पट्टा, तिथे लाट फुटत नाही कारण तिथे खोल आहे. पोरंबाळं घेऊन आलेला माणूस बरोबर तीच जागा निवडतो.

मग त्यांनी माँटेरेच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. ते तिथून आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांच्याच कॉलेजच्या समुद्रशास्त्राच्या लोकांनी शेजारच्या सँड सिटी गावच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या पाइपांना जीपीएस लावून ते लाटांत सोडले, कुठे जातात बघायला. जेमी मॅकमहान आणि एड थॉर्नटन ही त्यातली नावं. तोवर समज असा की ओढ माणसाला थेट बाहेर नेऊन सोडते. पण दहातले आठ-नऊ पाइप फुटत्या लाटांच्या पट्ट्यातच गोल फिरत राहिले, म्हणजे बाहेर गेले, बाजूला वळले आणि लाटांबरोबर पुन्हा किनाऱ्याकडे आले. २०१० ला ते छापून आलं आणि जीव वाचवणाऱ्या लोकांत जगभर वाद सुरू झाला, की किनाऱ्याला समांतर पोहा सांगायचं की नुसतं तरंगत राहा सांगायचं. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनीही प्रयोग केले. काकांनी सरळ सांगितलं की एकच उपाय दर वेळी चालेल असं नाही, किनाऱ्या-किनाऱ्यावर फरक आहे, पण दोन गोष्टी पक्क्या. ओढीच्या विरुद्ध झगडायचं नाही, आणि घाबरून दम घालवायचा नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, ओढ सैल झाली की बाजूने लाटांच्या पांढऱ्या पट्ट्याकडे यायचं.

मला यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लष्करी कॉलेज म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर तोफा येतात, आणि हे लोक फुटत्या लाटेत पाइप सोडून बसलेत. पण सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा आणि वाळू आधी कळायला नको का. आणि तिथले जे थिसिस गुप्त नसतात ते त्यांच्या लायब्ररीच्या साइटवर कुणालाही फुकट उघडता येतात, काकांनी मला मोबाइलवर दाखवलं. आमच्या वाचनालयात १९८० च्या कादंबऱ्या कुलुपात आहेत, असो.

प्रश्नांची वीस मिनिटं म्हणजे कमाल. पहिला प्रश्न यायला वेळ लागला, सवय नाही ना, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. काकाही गप्प उभे, अजिबात घाई नाही. मग एका दहावीतल्या मुलीने विचारलं की ती जागा रोज तिथेच असते का? काका खूश झाले. म्हणाले नाही, वाळू हलते, पावसाळ्यात बांध बदलतो, म्हणून 'इथे धोका' असा कायमचा बोर्ड लावून भागत नाही. त्यावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, मागून उठले, "ही ओढ आमाला म्हाईत हाय साहेब, पन तुमी सांगितलात तसा गोल फिरून मानूस परत येतो ह्या मी नाय बगितला. आमच्या खडपाच्या बाजूची ओढ परत आनत नाय." काकांनी ते चक्क वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, बरोबर, खडकाला लागून वाहणाऱ्या ओढीचं गणित वेगळं असतं, माँटेरेचा किनारा तिथे मोकळ्या वाळूचा होता. तांडेलांची छाती दोन इंच फुगली. मुलांच्या आयांनी तेवढ्यात एनडीए आणि नेव्हीत कसं जायचं ते विचारून घेतलं, केरळात एळिमलाची अकादमी, पुढे शिकायला पुण्यात गिरीनगरला डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था, सीनियर झाल्यावर गोव्याचं नेव्हल वॉर कॉलेज जे पूर्वी आपल्या उरणजवळ करंजाला होतं, वगैरे. सहा वाजून तीन मिनिटांनी काका थांबले आणि तीन मिनिटांबद्दल सॉरी म्हणाले.

रविवार सकाळ. धक्क्यावर माणसं आली, शाळेची मुलं आली, जीवरक्षक आले. जीपीएसचे पाइप कुठून आणणार, काकांनी असोले, म्हणजे न सोललेले नारळ आणायला सांगितलेले. असोला नारळ बराचसा पाण्यात बुडून तरंगतो त्यामुळे वारा त्याला फार ढकलत नाही, पाणी नेईल तिकडे जातो. मुलांनी त्यांना लाल ऑइलपेंट फासून आकडे घातले होते. आधी धक्क्यावरून नुसतं बघायला लावलं, कुठे फुटतंय, कुठे फुटत नाही, फेस कुठल्या दिशेला चाललाय. बरीच मिनिटं कुणाला काही दिसेना. मग एका मुलाने बोट दाखवलं, आणि एकदा दिसल्यावर सगळ्यांनाच दिसायला लागलं, पांढऱ्यामध्ये एक गढूळ पट्टा, वाळू उचलून आत नेणारा.

जीवरक्षकांनी कमरेला दोर बांधून गुडघाभर पाण्यातून नारळ सोडले. मुलं घड्याळ लावून बसलेली. काही नारळ लगेच परत वाळूवर. चार नंबरचा गडद पट्ट्यात शिरला आणि असा सुटला की बायका ओरडायला लागल्या, बघता बघता फुटत्या लाटांच्या टोकाला पोचला, तिथे जरा घुटमळला, मग हळूहळू उजवीकडे सरकला आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायला लागला. पुन्हा त्याच पट्ट्यात शिरला, पुन्हा बाहेर. गोल! काका काहीच बोलले नाहीत, बोलायची गरजच नव्हती. खडपाच्या बाजूला सोडलेला नऊ नंबर मात्र सरळ बाहेर गेला आणि दिसेनासा झाला. तांडेल कुणाकडे न बघता बिडी ओढत उभे होते, पण त्यांना जे म्हणायचं होतं ते नऊ नंबरने म्हणून टाकलेलं.

माझ्या बाजूला एक होमस्टेवाली वहिनी उभी होती, ती हळूच म्हणाली की माझे पाहुणे नेहमी त्याच पट्ट्यात उतरतात गं, तिथे लाट नाही म्हणून मीच त्यांना सांगते तिथे जा. यावर मी काय बोलणार.

नाश्त्याला शाळेच्या व्हरांड्यात बसलो. घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी, चहा. इथे खरी कामं झाली, आणि काकांनी तिसरी गोष्ट कागदावर का घातली होती ते मला तेव्हा कळलं, भाषणानंतर माणसं घरी जातात, खायला बसली की बोलतात. वॉटरस्पोर्टवाले आणि मच्छीमार एरवी एकमेकांशी जागेवरून भांडणारे, ते एका पंगतीत. ठरलं असं की कायमचा बोर्ड नको, जीवरक्षकांनी रोज सकाळी धक्क्यावरून बघून लाल झेंडे ओढीच्या दोन्ही बाजूंना रोवायचे आणि फोटो होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचा. दोरीला बांधलेले रिकामे कॅन, निदान फेकता येतील असे, प्रत्येक टपरीवर ठेवायचे कारण वाचवायला उडी मारणाराच बुडतो हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ११२ नंबर प्रत्येक खोलीत लिहायचा. झेंड्यांचे पैसे कोण देणार यावर अर्धा तास गेला, ते आपलं चालायचंच, शेवटी मच्छी सोसायटीने काठ्या दिल्या आणि कापड आम्ही.

झेंडे सध्या लागतायत. रोज लागतात असं मी म्हणणार नाही, जीवरक्षकांचा पगार रखडला की झेंडेही रखडतात. पाहुणे मात्र विचारायला लागलेत की हे दोन झेंडे कशाला, आणि मग मी चार नंबरच्या नारळाची गोष्ट सांगते.

पुढचा कागद तयार होतोय. हैदराबादच्या इन्कॉइसचे, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे, उंच लाटांचे इशारे आणि लाटांचा अंदाज मोबाइलवर कसा वाचायचा, त्यांचं 'समुद्र' ॲप आहे, ते शिकवायची वर्कशॉप काकाच घेणार आहेत, भातकापणी उरकली की. व्याख्यान मात्र तांडेलांचं ठेवलंय, वाऱ्यावरून आणि ढगांवरून उद्याचा समुद्र कसा ओळखायचा यावर. फयान वादळाच्या वेळी, २००९ ला, ते दर्यातच होते, त्याबद्दलही बोलतील असं वाटतंय. अध्यक्षांनी लगेच विचारलं, आता पितृपक्ष नाही, तर सत्कार करायचा ना? तांडेल म्हणाले शाल नको, माइक पन नको, आनि मासा लागत असंल त्या दिवशी मी येनार नाय, आदीच सांगून ठेवतो. तेव्हा कागदावर तारखेपुढे 'मासा नसेल तर' असं लिहिलंय, बाकी ५ ते ६ पक्कं.